पी-ई-डी म्हणजे पाय, तर मग पीडियाट्रिशियन पायांचा डॉक्टर का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करते आहे. क्लासच्या नोट्समध्ये 'पी-ई-डी म्हणजे पाय' असं लिहिलंय. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर जुळले. पण पीडियाट्रिशियन हा लहान मुलांचा डॉक्टर निघाला, आणि एन्सायक्लोपीडियात पाय कुठून आले ते कळेना. सारखी अक्षरं असलेले शब्द असे एकत्र पाठ करणं चूक आहे का?"

चूक नाही, अर्धवट आहे. मी 24 वर्षं इंग्रजी शिकवतोय, तेही बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना. तुमच्या नोट्समधली ही यादी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत मला भेटतेच. तिच्यात दोष एकच, ती अक्षरांनाच मूळ समजते. अक्षरं ही दारावरची पाटी आहे. एकाच वाड्यात तीन कुलकर्णी राहतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, पोस्टमनला हे माहीत असतं. यादी करणाऱ्याला नसतं.

आधी मराठीतच बघा, म्हणजे इंग्रजीची भीती कमी होईल. समजा कुणा परदेशी माणसानं वहीत लिहून घेतलं की 'कर' म्हणजे हात. मग दिनकर म्हणजे दिवसाचा हात, चाकर म्हणजे कसला तरी हात, आणि करवसुली म्हणजे हात गोळा करणं! आपल्याला हसू येईल, कारण आपल्याला ठाऊक आहे की दिनकर म्हणजे दिवस करणारा, करवसुलीतला कर सरकारचा, आणि चाकर हा फारसीतून आलेला अखंड शब्द, त्यात 'कर' शोधायचाच नाही. रत्नाकरात तर 'कर' नाहीच, तो रत्न अधिक आकर आहे, आणि आकर म्हणजे खाण. पी-ई-डीच्या बाबतीत तुम्ही आत्ता त्या परदेशी माणसाच्या जागी आहात, एवढंच.

आता पी-ई-डीची पहिली आणि सगळ्यात मोठी खोली. लॅटिनमध्ये पाय म्हणजे 'पेस', आणि त्याला विभक्ती लागली की 'पेडिस', 'पेडेम' वगैरे. आपल्या 'पाद'चा हा सख्खा चुलतभाऊ. पेडल, पेडिक्युअर, पेडोमीटर, पेडेस्टल हे सरळ शब्द आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. सेंटिपीड म्हणजे शतपाद, आपली गोम. मिलिपीड म्हणजे सहस्रपाद, पावसाळ्यात अंगणात गुंडाळी करून पडणारा वाणी. गंमत म्हणजे हजार पायांचा मिलिपीड कित्येक वर्षं कुणाला सापडलाच नव्हता. 2021 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोलवर राहणाऱ्या एका जातीची नोंद झाली, तिच्यातल्या एका मादीला 1,306 पाय मोजले गेले, तेव्हा कुठे नाव सार्थ झालं. गोमेचं नाव मात्र खोटंच राहणार असं दिसतं, कारण तिच्या पायांच्या जोड्या विषम असतात आणि शंभर पायांना पन्नास जोड्या लागतात. मोपेड हा स्वीडिश भाषेत मोटर आणि पेडल यांना जोडून केलेला शब्द. ज्यांनी लुना पेडल मारून सुरू केली आहे त्यांना हा अर्थ वेगळा समजावायला नको.

याच खोलीतले दोन शब्द परीक्षेत सारखे येतात आणि मुलं ते घोकंपट्टी करून लक्षात ठेवतात: इम्पीड आणि एक्स्पिडाइट. घोकायची काहीच गरज नाही. पूर्वी कैद्याचे पाय लाकडी ओंडक्याच्या भोकांत अडकवून ठेवत, त्या ओंडक्याला आपण खोडा म्हणतो. लॅटिन 'इम्पेडिरे' म्हणजे पाय अडकवणं, आणि 'एक्स्पेडिरे' म्हणजे अडकलेले पाय बाहेर काढणं. म्हणजे इम्पीड म्हणजे शब्दशः खोडा घालणं, आणि एक्स्पिडाइट म्हणजे खोडा काढून काम मार्गी लावणं. दोन भाषांना एकच चित्र सुचलं. मराठी माणसाला हा शब्द कायमचा लक्षात राहायला एवढं पुरतं, पण नोट्समध्ये ते कधीच नसतं, कारण नोट्स इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेल्या असतात. रोमन सैन्याच्या सामानसुमानाला 'इम्पेडिमेंता' म्हणत. सैन्याची चाल त्या ओझ्यानं मंदावते हे त्यांनी नावातच कबूल केलं होतं. आणि इम्पीचमेंट, म्हणजे महाभियोग, हाही बेडीच्या अर्थाच्या 'पेडिका' या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आहे. प्रवासात त्याच्यातली 'डी' गळून पडली, त्यामुळे यादीत तो सापडत नाही.

पेडिग्रीकडे जरा थांबू. कुत्र्याची पेडिग्री, घोड्याची पेडिग्री असं आपण ऐकतो आणि त्याचा अर्थ वंशावळ. पायाचा वंशाशी काय संबंध? जुन्या फ्रेंचमध्ये 'पिए द ग्रू' म्हणजे क्रौंच पक्ष्याचा पाय. वंशावळीच्या जुन्या कागदांवर बापापासून मुलांपर्यंत ज्या रेघा फाकवत, त्या चिखलात उमटलेल्या क्रौंचाच्या पावलासारख्या दिसत. कुठल्याशा कारकुनाच्या डोळ्याला दिसलेलं साम्य शब्द होऊन बसलं.

पेडेस्ट्रियनचा एक अर्थ तुमच्या नोट्समध्ये नसणार म्हणून सांगतो. नाम म्हणून तो पादचारी. विशेषण म्हणून मात्र त्याचा अर्थ नीरस, सामान्य, कल्पनाशून्य. 'त्यांचं भाषण पेडेस्ट्रियन होतं' म्हणजे ते चालत चालत बोलत होते असं नव्हे. घोड्यावर बसून जाणं थाटाचं आणि पायी जाणं साधं, ही समजूत यामागे आहे. लॅटिनमध्ये पायी चालणारं लेखन म्हणजे गद्य असाही अर्थ होता. परीक्षेत चार पर्यायांत हा अर्थ दिला की निम्मा वर्ग 'चालण्याशी संबंधित' या पर्यायावर खूण करून मोकळा होतो.

आता दुसरी खोली, तुमच्या प्रश्नातली. ग्रीकमध्ये मूल म्हणजे 'पाइस', विभक्तीत 'पाइदोस'. रोमन लोकांनी ग्रीक 'आइ'चं ए-ई असं जोडअक्षर केलं आणि पुढे अमेरिकन लोकांनी त्यातला 'ए' काढून टाकला. सगळा घोटाळा या एका गळलेल्या अक्षराचा आहे. इंग्लंडमध्ये आजही पीडियाट्रिशियनचं स्पेलिंग पी-ए-ई-डी असं सुरू होतं. तिथे पाय आणि मूल यांच्यात गोंधळ व्हायला जागा कमी. आपल्याकडे दवाखान्याच्या पाट्यांवर दोन्ही स्पेलिंगं सुखानं नांदतात.

पेडॅगॉग हा शब्द आज शिक्षकाला लावतात, पण ग्रीसमध्ये तो घरचा गुलाम होता. मुलाला शाळेत नेऊन पोचवायचं आणि परत आणायचं हे त्याचं काम. आपल्या व्हॅनवाल्या काकांचा पूर्वज म्हणा. त्याला बढती मिळून तो शिक्षक झाला आणि त्याच्या कामाला पेडॅगॉजी हे भारदस्त नाव आलं, जे बी.एड.च्या मुलांना छळतं. एन्सायक्लोपीडियातला पीडियाही इथलाच. ग्रीक 'पाइदेइया' म्हणजे मुलांना द्यायचं शिक्षण, आणि पुढच्या 'एन्सायक्लो'त चक्र आहे, म्हणजे सगळ्या विषयांना फेरी घालणारं सर्वसाधारण शिक्षण. विकिपीडियानं त्याचं शेपूट तोडून हवाई बेटांवरच्या 'विकी' या शब्दाला जोडलं. विकी म्हणजे चटकन. एरवी असं अर्धं शेपूट चिकटवून केलेले शब्द मला आवडत नाहीत, पण हा जमलाय.

ऑर्थोपेडिकवर मात्र शिकलेली माणसंसुद्धा फसतात. हाडांचा डॉक्टर, गुडघे बदलणारा, म्हणजे पायाचाच असणार, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण तो पाय नाही, मूल आहे. निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरानं 1741 साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, 'ऑर्थोपेदी' नावाचा ग्रंथ लिहिला. 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि पुढे मूल. मुलांच्या शरीरातली वाकडेपणं कशी टाळावीत आणि कशी सुधारावीत हा त्याचा विषय. त्यात एक चित्र आहे: वाकडं वाढलेलं झाड, आणि त्याला सरळ करायला शेजारी रोवलेल्या खुंटाला दोरीनं बांधलेलं. अनेक देशांतल्या अस्थिरोग संघटनांच्या बोधचिन्हात तुम्हाला ते झाड आजही दिसेल. पुढे शास्त्र वाढलं, मुलांवरून मोठ्यांवर गेलं, आणि आज ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर आज्याच जास्त दिसतात. शब्द मात्र लहानच राहिला.

इथे एक खरी घडलेली गोष्ट. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या न्यूपोर्ट भागात एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या घराच्या दारा-भिंतींवर कुणीतरी 'पीडो' असं रंगवून ठेवलं. मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्याला पीडोफाइल म्हणतात आणि त्याचं ते शिवीवजा लघुरूप. तेव्हा इंग्लंडमध्ये अशा गुन्हेगारांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. दोन्ही शब्दांची सुरुवातीची अक्षरं सारखी दिसली, बस्स. इथे मूळ तर खरंच एक आहे, दोन्हींत मूलच आहे. फरक सगळा उत्तरार्धात: 'इयाट्रोस' म्हणजे वैद्य, तर 'फिलोस'मध्ये आवड. म्हणून मी मुलांना सांगतो, पूर्वपद ओळखलंत म्हणून नाचू नका, उत्तरपदाचंही ऐकून घ्या.

तिसरी खोली लहान आहे. पेडॉलॉजी म्हणजे मृदाशास्त्र. ग्रीक 'पेदोन' म्हणजे जमीन. कृषी पदवीधरांना हा शब्द लागतो. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या लोकांच्या तोंडी तो रोजचा. फार मागे गेलं तर ही जमीन पायाशीच जुळते, पाय टेकतो ती जागा म्हणून. पण ते नातं इतकं जुनं आहे की पाठ करण्यासाठी वेगळंच धरलेलं बरं.

आणि काही शब्दांना खोलीच नाही. जम्प्ड, हेल्प्ड, होप्ड यांच्या शेवटी पी-ई-डी आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं का? उडी मारायला पाय लागतात म्हणून कुणी खूश होऊ नये. तिथे 'पी' क्रियापदाची आणि 'ई-डी' भूतकाळाची. हे ढोबळ उदाहरण झालं. बारीक उदाहरणात मी स्वतः फसलोय, ते सांगतो. शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. स्टॅम्पीड म्हणजे चेंगराचेंगरी हा शब्द आला आणि मी फळ्यावर मोठ्या ऐटीत फोड केली: स्टॅम्प म्हणजे आपटणं, पीड म्हणजे पाय, म्हणून पाय आपटत पळणारा जमाव. वर्गानं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी वाचनालयातला जाडजूड शब्दकोश घेऊन आली आणि म्हणाली, "सर, यात पाय नाहीयेत." खरंच नव्हते. स्पॅनिशमध्ये 'एस्ताम्पिदा' म्हणजे धडाम आवाज, गलका. त्यातला आपटण्याचा भाग बरोबर होता, पण 'प' त्या आपटण्याचाच आहे आणि '-इदा' हा नुसता प्रत्यय. मी एकच 'पी' दोन्हीकडे मोजली होती! सुरी चुकीच्या जागी फिरवली की हे असं होतं, रत्नाकराला रत्ना आणि कर असं कापल्यासारखं. त्या मुलीला मी तेव्हा शाबासकी दिली, पण मनातून चरफडलो होतो हे आता कबूल करायला हरकत नाही.

टॉर्पेडोही असाच. पाण्यातून पाय मारत जातो म्हणून नव्हे, तर लॅटिन 'टॉर्पेरे' म्हणजे बधिर होणं, त्यावरून. विजेचा झटका देऊन बधिर करणाऱ्या एका माशाचं ते नाव होतं, मग पाणसुरुंगाला मिळालं. टॉर्पिड म्हणजे सुस्त, हा त्याचा खरा भाऊ.

आतापर्यंत एका पाटीची अनेक बिऱ्हाडं पाहिली. याची उलट बाजू यादीवाले कधीच सांगत नाहीत: पाटी बदलून राहणारे सख्खे नातलग. पायाचे नातलग पी-ई-डी सोडून इतरत्र भरपूर आहेत आणि त्यांत आपल्या ओळखीचे जास्त. ग्रीकमध्ये पाय म्हणजे 'पूस', विभक्तीत 'पोदोस'. त्यावरून ट्रायपॉड, पोडियम, ऑक्टोपस. ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद, आणि दोन्ही तुकडे आपल्या शब्दांचे भाऊ आहेत, ऑक्टो म्हणजे अष्ट आणि पस म्हणजे पाद. (पॉडकास्टमधला पॉड मात्र आयपॉड या यंत्राचा. बघा, इथेही तीच कथा.) इतकंच काय, साधा 'फूट' हा इंग्रजी शब्दसुद्धा 'पाद'च आहे. जर्मन कुळातल्या भाषांत जुन्या 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट'. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं 1822 साली हा नियम नीट मांडून दाखवला. पितृ आणि फादर, दंत आणि टूथ, दश आणि टेन, पाद आणि फूट. संस्कृत कानावरून गेलेल्या मराठी मुलाला हे फुकटात मिळतं, आणि तरीही आपण ते वापरत नाही याचं मला दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं.

बुद्धिबळाच्या पटावरचं प्यादं घ्या. फारसी 'पियादा' म्हणजे पायी लढणारा. इंग्रजीत त्याच सोंगटीला पॉन म्हणतात, आणि तो लॅटिनमधल्या पायदळाच्या शिपायाच्या नावावरून फ्रेंचमार्गे आलाय. दोन वेगळ्या वाटांनी आलेले, पण दोन्ही पाय. गहाण ठेवणं या अर्थाचा पॉन मात्र निराळा शब्द आहे, त्याचं स्पेलिंग हुबेहूब तेच असूनही. पायोनियर म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन खंदक खणणारा, वाट करणारा पायदळी. ऑफिसातला प्यून पोर्तुगीज 'पिआंव'वरून, त्याचाही अर्थ पायी चालणारा, पायदळातला. आपण त्याला मराठीत शिपाई म्हणतो, म्हणजे फारसी सिपाही. दोन्ही भाषांत साहेबाच्या टेबलावर पाणी आणून ठेवणारा माणूस मुळात सैनिक आहे.

घरातला टीपॉय तर आणखी मजेचा. चहा ठेवायचा म्हणून टी, असं आपल्याला वाटतं, इंग्रजांनाही वाटलं आणि म्हणून त्यांनी त्याचं स्पेलिंग चहाचं केलं. खरं तो तिपाई, तीन पायांचा. इथून गेला, साहेबाच्या पोशाखात परत आला, आणि आपण त्याला ओळखलं नाही. पायजमाही आपल्या बाजूनं इंग्रजीत गेलेला, फारसी पाय अधिक जामा. आणि पाव किलोतला पाव हा 'पाद'च, चार पायांतला एक म्हणून चौथा हिस्सा. खायचा पाव मात्र पोर्तुगीजांचा. त्यामुळे 'पाव किलो पाव द्या' असं म्हणताना आपण एका वाक्यात दोन कुलकर्ण्यांना हाक मारतो.

मग अभ्यास कसा करायचा? शब्द एकत्र पाठ करा, पण वहीत पी-ई-डीचं एक पान नको, तीन पानं हवीत: पाय, मूल, आणि 'दिसतो पण नाही'. नवा शब्द भेटला की आधी उरलेल्या तुकड्याला काही अर्थ आहे का ते पाहा. सेंटिपीडमधून पीड काढल्यावर शंभर उरतात, स्टॅम्पीडमधून काढल्यावर 'स्टॅम' उरतो आणि तो काहीच सांगत नाही, म्हणजे सुरी चुकली. मग ब्रिटिश स्पेलिंग तपासा. पी-ए-ई-डी दिसलं तर मूल नक्की. नाही दिसलं तर पाय नक्की असं मात्र नाही, कारण पेडॅगॉजीत ब्रिटिशही सहसा तो 'ए' घालत नाहीत. उच्चारावर भरवसा ठेवू नका, इम्पीडमध्ये 'पी' दीर्घ असून पाय आहे आणि पेडॅगॉजीत 'पे' असून मूल. आणि शेवटी शब्दकोशात अर्थाखालची किंवा वरची व्युत्पत्तीची ती बारीक अक्षरातली ओळ वाचा. मेरिअम-वेबस्टरच्या मोफत ऑनलाइन कोशात ती मिळते. एका शब्दाला अर्धं मिनिट लागतं.

पेडिक्युअर लिहिलेल्या पाटीवर शेजारी मॅनिक्युअर असतंच, तेव्हा पुढचा अभ्यास एम-ए-एनचा करा. लॅटिन 'मानुस' म्हणजे हात. आता हे शब्द घ्या आणि हात कुठे, माणूस कुठे, वेड कुठे आणि नुसतं 'राहणं' कुठे आहे ते वेगळं काढा: मॅन्युस्क्रिप्ट, सेल्समन, मॅनेज, मेनिअ‍ॅक, परमनंट, वुमन, ह्यूमन. शेवटच्या दोघांना एका पानावर लिहू नका, आणि मॅनेज करताना घोड्याचा लगाम आठवा.